अंगठ्याआडचा पक्षी

भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडी जरा आत गेली, की पाण्याबाहेर डोकं काढलेले वाळके खुंट दिसायला लागतात. जानेवारीतल्या एका सकाळी त्यातल्या एकावर काहीतरी बसलं होतं. दीडशे मीटर तरी लांब. मला तो नुसता तपकिरी ठिपका.

“घार,” मी म्हटलं.

नावाड्याने वल्हं थांबवलं. “घार अशी ताठ बसत न्हाई, सर. ऑस्प्रे हाय तो, मासे धरणारा.”

दुर्बीण गाडीतच राहिली होती. खिशातून छोटा कॅमेरा काढला, झूम शेवटपर्यंत ताणला, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवली आणि आठ-दहा फोटो मारले. पडद्यावर मोठं करून पाहिलं, तर पांढरं डोकं, पांढरं पोट आणि डोळ्यावरून मानेकडे गेलेली काळी पट्टी. ऑस्प्रेच. फोटो भिंतीवर लावायच्या लायकीचा मुळीच नव्हता, पण वाद मिटला. नावाडी काही बोलला नाही, फक्त वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

त्या क्षणापुरता तीनशे ग्रॅमचा तो डबा माझ्या डोळ्यापेक्षा फारच पुढे होता. किती पुढे आणि कुठवर, याचा हिशोब मांडता येतो. दुकानातल्या पाटीवर मात्र तो सापडत नाही.

पाटीवर असतं ‘४० एक्स’. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस हा या जातीचा बरा नमुना आहे. २०१८ साली आलेला, वजन २९९ ग्रॅम. त्याचं भिंग २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जातं, म्हणून ९६० भागिले २४, म्हणजे ४०. हे फक्त भिंगाच्या दोन टोकांमधलं गुणोत्तर झालं. पक्षी डोळ्याला दिसतो त्याच्या चाळीसपट मोठा दिसेल, असा त्याचा अर्थ नाही. साध्या नजरेशी जुळणारं भिंग ५० मिलिमीटरचं धरायची पद्धत आहे. त्या मापाने हा कॅमेरा सुमारे वीसपट दाखवतो. आठपटीची दुर्बीण गळ्यात असलेल्याला तेही पुष्कळ झालं.

त्यापेक्षा अंगठ्याचं माप मला जवळचं वाटतं. एक डोळा मिटा, हात पूर्ण लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीमागे जेवढं झाकलं जातं ते साधारण दोन अंश. झूम पूर्ण ताणला की कॅमेऱ्याला तेवढंच जग दिसतं. पन्नास मीटरवर ही खिडकी जेमतेम पावणेदोन मीटर रुंद असते. पूर्णचंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे असे चार चंद्र शेजारीशेजारी मांडले की चौकट भरली. आता त्या खिडकीत फांद्यांमधून सुळसुळणारा वटवट्या पकडायचा आहे! नवशिक्याची पहिली तक्रार हीच असते, ‘झूम केला की पक्षी गायबच होतो.’ पक्षी जागेवरच असतो, खिडकी भलतीकडे गेलेली असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी एक बटण असतं. दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी चौकटीत घ्यायचा, बटण सोडलं की झूम पुन्हा होता तिथे जातो. माहितीपुस्तिकेत ते कुठेतरी मागच्या पानावर असतं. मला ते दोन वर्षांनी कळलं.

पण ९६० मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ मीटरभराचं भिंग खिशात मावतं कसं? मावत नाहीच. त्याचं खरं नाभीय अंतर फक्त १७२ मिलिमीटर आहे, आणि त्याच्याही नळ्या घडीच्या पेल्यासारख्या एकात एक बसतात. बाकीची करामत सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपची. मोठ्या कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, यातला ६ मिलिमीटरच्या जरासा वर, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. भिंगाने पाडलेल्या चित्राचा मधला चिमुकला तुकडाच तो उचलतो आणि तोच आपल्याला पूर्ण चौकट म्हणून दाखवतो. मोठ्या सेन्सरवर इतक्या जवळ जायचं, तर ६०० मिलिमीटरचं मोठ्या तोंडाचं भिंगसुद्धा तीन किलोच्या घरात जातं आणि तरी कमीच पडतं.

या सोयीची किंमत भिंगाच्या तोंडाशी मोजावी लागते. नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागलं की जो येतो, तो या कॅमेऱ्याचा आकडा पूर्ण झूमला एफ ६.९ असतो. १७२ भागिले ६.९, म्हणजे प्रकाश आत यायला २५ मिलिमीटरचं भोक, साधारण रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं. प्रकाश ही लाट आहे, आणि लाट अरुंद तोंडातून आत शिरली की पसरते. बंदराच्या भिंतींमधल्या फटीतून आत आलेली लाट पंख्यासारखी पसरताना कोकणात कितीतरी वेळा पाहायला मिळते. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे कितीही निर्दोष भिंग घेतलं, तरी टाचणीच्या टोकाएवढ्या बिंदूचं चित्र बिंदू म्हणून पडत नाही, छोटी चकती पडते. इथे ती चकती ९ मायक्रॉनच्या जरा वर भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सेन्सरवरचा एक पिक्सेल आहे १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एकच बिंदू आठेक पिक्सेल रुंदीवर सांडतो. दोन कोटी पिक्सेल असल्याची जाहिरात खरी असते, पण पूर्ण झूमला त्यातले बरेचसे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसतात. त्याच्याही पुढे ‘डिजिटल झूम’ ताणणं म्हणजे धूसर चकत्या मोठ्या करून पाहणं. मी तो मेनूत जाऊन बंदच करून टाकतो.

तरीही २५ मिलिमीटर हे काही कमी नाही. आपली बाहुली उजेडात दोन-तीन मिलिमीटरची असते. निरोगी डोळ्याला शंभर मीटरवरच्या दोन खुणा वेगळ्या दिसायच्या, तर त्यांच्यात सुमारे ३ सेंटिमीटर अंतर लागतं. या कॅमेऱ्याला ३ मिलिमीटर पुरतं. दसपट! आता पुन्हा त्या खुंटाकडे या. दीडशे मीटरवर माझ्या डोळ्याची मर्यादा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, आणि ऑस्प्रेची डोळ्यावरची पट्टी त्याहून बरीच अरुंद. ती मला दिसणं शक्यच नव्हतं. कॅमेऱ्याची मर्यादा ४ मिलिमीटर, म्हणून त्याने ती टिपली. नावाड्यालाही पट्टी दिसली नसणार. त्याने बसण्याची ढब ओळखली, आणि ती ओळखणारा कॅमेरा माझ्या माहितीत नाही.

हे सगळे आकडे मात्र भरपूर उजेड, स्थिर हात आणि स्वच्छ हवा धरून आहेत. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र क्वचित मिळतात. झूम ताणताना भिंगाचा आकडा एफ ३.३ वरून ६.९ वर जातो, म्हणजे सेन्सरवर येणारा उजेड चौपटीहून अधिक घटतो. त्यात सेन्सरचं क्षेत्रफळ मोठ्या कॅमेऱ्याच्या तिसाव्या हिश्शाचं. पहाटेच्या झुंजूमुंजू उजेडात पक्षी सगळ्यात बोलके असतात आणि हा कॅमेरा सगळ्यात मुका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवला की पिसांवर रवा सांडल्यासारखा दाणा येतो. हात तर कुणाचाच स्थिर नसतो. निरोगी माणसाचाही सेकंदाला आठ-बारा वेळा सूक्ष्म थरथरतो. कॅमेऱ्यातले जायरो ती थरथर मोजतात आणि आतलं एक भिंग उलट्या बाजूला सरकवून ती बरीचशी मारतात. पण पक्ष्याने मान वळवली तर त्यावर जायरोकडे इलाज नाही. तिथे शटरच जलद हवं, उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही जलद. आणि पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं, नाहीतर पिसं जाऊन नुसता चुन्याचा डाग उरतो.

हवेने मला एकदा चांगलंच फसवलं. अकरा वाजून गेले होते, चिखलाच्या पल्याड रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता आणि मी साठेक फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर एकूणएक पाण्याखालून काढल्यासारखे, माना वेड्यावाकड्या आणि पाय तुटक. भिंग हललं असणार, अशी माझी खात्री झाली. दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कॅमेरा घेतला, दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढला आणि पडदा माझ्यापुढे धरला. पाटीच्या कोपऱ्यातला छापखान्याचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता.

दोष हवेचा होता. तापलेल्या चिखलावरची हवा विरळ होते, तिचे फुगे वर उठतात, त्यांच्यामध्ये थंड हवा घुसते. तापमान एका अंशाने बदललं तर हवेच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या मापात, फरक पडतो दहा लाखांत एकाएवढा. ऐकायला हास्यास्पद. पण दोन-तीनशे मीटरच्या वाटेत प्रकाश अशा शेकडो फुग्यांतून वाकत येतो, आणि डोळ्याला न जाणवणारं ते वाकणं वीसपटीत ठळक दिसतं. रात्री तारे लुकलुकतात तेही याच कारणाने. यावर कुठल्याही किमतीचं भिंग उपयोगाचं नाही. लवकर जायचं, नाहीतर जवळ जायचं. पक्ष्याला उठवून जवळ जायचं नसतं, म्हणजे लवकर जायचं एवढाच पर्याय उरला. सिंहगडावरून तोरणा ओढून जवळ आणायचा असेल तर पाऊस नुकता उघडलेली सकाळ गाठावी. एरवी धूळ आणि बाष्प मिळून डोंगराची निळसर भिंत करून टाकतात.

कडक उन्हात मागचा पडदा दिसतच नाही, ही आणखी एक अडचण. कॅमेरा डोळ्याला लावता आला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. कॅननने २०२० मध्ये काढलेला पॉवरशॉट झूम याच विचाराचा होता. १४५ ग्रॅमचा, एका डोळ्याच्या दुर्बिणीसारखा धरायचा. झूमला फक्त ठरावीक टप्पे, १०० आणि ४०० मिलिमीटर. तिसरा ८०० चा टप्पा डिजिटल, म्हणजे त्या चकत्या मोठ्या करण्याचाच प्रकार. मूठभर वस्तू एका हाताने डोळ्याला लावायची आणि बोट दाबायचं, ही कल्पना पक्षी पाहणाऱ्याच्या सवयीला धरून आहे.

मग फोन का नको? हल्लीच्या फोनांत काचेच्या लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून लांब भिंग आडवं झोपवतात, आणि ते चांगलंच काम करतं. पण त्याच्यापुढचा झूम पुष्कळदा गणिती भर घालून केलेला असतो. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनवर चंद्राच्या फोटोंवरून गदारोळ झाला, तो यामुळेच. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला, तरी फोन विवरं भरून देत होता. चंद्राचं ठीक आहे, तो एकच आहे आणि कसा दिसतो ते ठाऊक आहे. पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके होते की नव्हते, हे जर फोनच ठरवायला लागला, तर मग आपण काय पाहिलं?

ठिपक्यांचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. आपला नेहमीचा पिंगळा आणि दुर्मिळ वनपिंगळा यांत एक मोठा फरक डोक्यावर आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. वनपिंगळ्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. १९१४ चा म्हणून आणखी एक नमुना संग्रहात होता, पण अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो चोरीचा आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचं उघडकीला आणलं. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शोधायला निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ त्यांना तो दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. इतक्या वर्षांनंतर ‘आम्ही पाहिला’ एवढ्यावर कुणाचं समाधान झालं असतं? तीस मीटरवर आपल्या खिशातल्या कॅमेऱ्याची मर्यादा एक मिलिमीटरच्याही आत येते. कोरं डोकं आणि ठिपक्यांचं डोकं, एवढा निवाडा तो उजेडात सहज करील.

पक्षीवाले अशा पुराव्यापुरत्या फोटोला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात, आणि कधीकधी जरा नाक मुरडून म्हणतात. मंगोलियात गळ्यात अक्षरांचा पट्टा घातलेले पट्टकादंब हिवाळ्यात भारतात उतरतात. त्या पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली, की तो एक पक्षी कुठून निघून कुठे आला ते कळतं. अशा फोटोत पार्श्वभूमी मऊ आली की नाही, याची चौकशी कुणी करत नाही.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. आत-बाहेर करणारी ती नळी पिचकारीसारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळ. माझ्या आधीच्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक निळ्या आकाशात उजव्या कोपऱ्यात एक करडा डाग असायचा, आणि भिंग निघत नसल्यामुळे तो घरी साफ करण्याची सोय नव्हती. तेव्हापासून कॅमेरा खिशात सुटा टाकत नाही, झिपच्या पिशवीतून नेतो.

त्या जानेवारीत भिगवणहून निघायला अंधार झाला. सोलापूर रस्त्यावर चहाला थांबलो, तर पूर्वेला गुरू चांगला वर आलेला. कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर टॉवेलाच्या घडीवर ठेवला, झूम पूर्ण, टायमर दोन सेकंदांचा, शटर पाव सेकंद. त्याहून बरंच जास्त ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्याने ठिपक्याची रेघ होते. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, ती त्याची दुर्बीण वीसेक पटीचीच होती. पहिल्या रात्री त्याला तीन दिसले. माझ्याही पहिल्या फोटोत तीनच होते. चौथा गुरूच्या झगझगाटात बुडालेला होता. आयएसओ खाली आणून पुन्हा काढला, तेव्हा तो डाव्या कडेला अगदी चिकटून सापडला.