हान्सेल-ग्रेटेलची सख्खी आई

हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून द्यायचा घाट घालते ती त्यांची सावत्र आई, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी 1812 साली ही गोष्ट पहिल्यांदा छापली, तेव्हा ती बाई मुलांची सख्खी आई होती. तिला सावत्र केलं ते 1840 च्या चौथ्या आवृत्तीत. हिमगौरीच्या आईचंही तेच झालं, 1819 साली. पोटच्या लेकराच्या जिवावर उठणारी आई विल्हेल्मला मुलांच्या पुस्तकात नको होती.

हे बदल आपल्याला पानापानावर दाखवता येतात. 1857 पर्यंत भावांच्या संपूर्ण कथासंग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. त्याहून मोलाचं आहे 1810 चं हस्तलिखित. भावांनी ते कवी क्लेमेन्स ब्रेन्टानोला पाठवलं होतं. त्याने ते ना वापरलं ना परत केलं. पुढे विसाव्या शतकात ते आल्सास प्रांतातल्या एका मठात सापडलं. ग्रिम बंधूंनी स्वतःकडची टिपणं जपली नव्हती, त्यामुळे ब्रेन्टानोचा हा विसरभोळेपणा अभ्यासकांच्या पथ्यावरच पडला. त्यातल्या कथा आटोपशीर आहेत. संवाद, हळहळ, देवाधर्माचे उल्लेख यांची भर नंतरची, बहुतांशी विल्हेल्मच्या हातची. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल तिला मनोऱ्यात कोंडणाऱ्या परीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? तिला दिवस गेल्याची ही खूण पुढच्या आवृत्त्यांतून गेली. मला ती जुनी रापुन्झेल जास्त खरी वाटते.

कथा सांगणारे कोण होते, हा प्रश्नही असाच उलगडत गेला. विल्हेल्मने आपल्या प्रतीत काही कथांपुढे नुसतं ‘मारी’ असं लिहून ठेवलं होतं. त्याचा मुलगा हेर्मान याने ती मारी म्हणजे शेजारच्या औषधविक्रेत्याच्या घरची म्हातारी कामवाली, असं सांगितलं आणि कित्येक दशकं सगळ्यांनी ते मानलं. 1975 मध्ये ग्रिमकथांचे अभ्यासक हाइन्झ ऱ्योलेके यांनी दाखवून दिलं की ती मारी हासेनफ्लुग होती: कासेल शहरातल्या सुशिक्षित घरची, विशीतली मुलगी. तिच्या आईचं घराणं फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं. म्हणजे अस्सल जर्मन म्हणून गाजलेल्या काही कथा फ्रेंच वळणाच्या घरातून आल्या होत्या.

डोरोथेआ फीमान हिचं नाव मात्र आदरानेच घ्यायला हवं. कासेलजवळच्या गावात राहणारी ही शिंप्याची बायको शहरात भाजी विकायला येई. तिने भावांना चाळीसहून अधिक कथा दिल्या. प्रस्तावनेत तिला शेतकरीण म्हटलंय. प्रत्यक्षात ती खाणावळवाल्याची मुलगी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा ऐकत वाढलेली. ती आधी कथा ओघात सांगायची, मग लिहून घेता यावी म्हणून पुन्हा सावकाश, आणि चुकली तर स्वतःच दुरुस्त करायची. टेपरेकॉर्डर नसलेल्या काळात इतकी शिस्तशीर निवेदक मिळणं हे भावांचं भाग्य.

मग या कथा मुळात किती जुन्या? सारा ग्रासा दा सिल्वा आणि जमशीद तेहरानी या संशोधकांनी 2016 मध्ये याचं उत्तर जीवशास्त्राच्या पद्धतीने शोधलं. प्राण्यांच्या जातींची वंशावळ लावतात, त्या रीतीने त्यांनी भारोपीय भाषा (मराठी-हिंदीपासून जर्मन-इंग्रजीपर्यंतचं एकच भाषाकुल) बोलणाऱ्या 50 समाजांतल्या 275 जादूच्या कथाप्रकारांची छाननी केली: कोणता प्रकार कुठे आढळतो, आणि शेजाऱ्यांकडून उचललेला असण्याची शक्यता किती. सैतानाशी सौदा करून त्यालाच जागेवर खिळवून टाकणाऱ्या लोहाराची कथा त्यांच्या हिशेबाने मूळ भारोपीय भाषेच्या काळातली, म्हणजे सुमारे 6000 वर्षांपूर्वीची असू शकते. यावर वाद आहे, कारण तोंडी कथा भाषेच्या सीमा सहज ओलांडतात आणि त्या काळाचा लेखी पुरावा असणं शक्यच नाही. धातू वितळवण्याची कला तेव्हा होती का, हा मुद्दाही लोहारामुळे ऐरणीवर आला. ग्रिमच्या संग्रहात मात्र त्याचा भाऊबंद आहे: मृत्यूलाच झाडावर अडकवून ठेवणारा जुगारी हान्सल.