पेटती शेकोटी सोडून निघून जाणं गुन्हा कधीपासून झालं?

शेकोटी अर्धवट विझवली, तंबू गुंडाळला आणि निघालात, मागे एक पानही जळलं नाही, तरी बऱ्याच देशांत तो गुन्हा धरतात. नुकसानच नाही तर दंड कसला, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतंच. आणि गंमत म्हणजे कायदाही शेकडो वर्षं असाच विचार करायचा.

रोमन कायदेपंडित पॉलसने यावर लिहून ठेवलंय. शेतातली धसकटं जाळताना आग दुसऱ्याच्या पिकात घुसली तर दोष कोणाचा? वारा सुटलेला असताना पेटवली असेल तर पेटवणाऱ्याचा, आग पुढे सरकू नये म्हणून लक्ष ठेवलं नसेल तरी त्याचाच, पण सगळी काळजी घेऊनही अचानक वारा सुटला आणि आग पसरली तर नाही. वाचताना आजचंच कोर्ट बोलतंय असं वाटतं. फक्त सगळा मामला भरपाईचा होता, म्हणजे आधी कोणाचं तरी काहीतरी जळायला हवं आणि त्याने येऊन दाद मागायला हवी.

यात काय व्हायचं ते बघायचं तर १८४४ चं थोरोचं प्रकरण आहे (हो तोच, निसर्गावर लिहिणारा). ३० एप्रिलला अमेरिकेतल्या कॉन्कर्डजवळ तो आणि त्याचा मित्र पकडलेले मासे शिजवायला बसले, आसपास वाळलेलं गवत, बघता बघता सुमारे ३०० एकर जंगल गेलं. ते खाजगी मालकीचं होतं, गावकरी जाम भडकले, पण केस काही झाली नाही, मित्राचे वडील गावातलं वजनदार प्रस्थ होते म्हणून ते निभावलं असं मानतात.

मग सरकारी जंगलाचं काय, तिथे तर भांडायला शेजारीसुद्धा नाही. इथेच खरा बदल झाला. २४ फेब्रुवारी १८९७ ला अमेरिकेने सरकारी जमिनीवरच्या वणव्यांसाठी कायदा केला आणि त्यात कॅम्पफायर नाव घेऊन आलं: जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवली तर निघण्याआधी ती पूर्ण विझवायची, नाहीतर १००० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. काही जळलं की नाही हा प्रश्नच नाही, सोडून गेलात हाच गुन्हा. आज तिथे कैदेची मर्यादा सहा महिने आहे.

पळवाट शोधणारे होतेच. जंगलाजवळ म्हणजे किती जवळ, आणि आग सरकारी जमिनीवर पेटवलीच नसेल तर? हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९२७ मध्ये न्यायमूर्ती होम्सनी निकाल दिला की धोका आग किती जवळ आहे यावर ठरतो, ती जमीन कोणाची यावर नाही. मला हा सगळ्यात सरळ निकाल वाटतो.

शिक्षा आणि नुकसान यांचा मेळ मात्र कधी बसलाच नाही. चिलीतल्या तोरेस देल पाइने पार्कमध्ये २००५ साली एका पर्यटकाचा स्टोव्ह कलंडून साधारण १५ हजार हेक्टर जळालं आणि दंड झाला जेमतेम २०० डॉलर. २०११ च्या शेवटी तिथेच पुन्हा मोठी आग लागली, त्यानंतर कुठे कायदा कडक केला. २००३ ची कॅलिफोर्नियातली सीडर आग एका वाट चुकलेल्या शिकाऱ्याने मदतीसाठी पेटवली होती, १५ जण गेले, आणि त्याला मिळाले सहा महिने, तेही दिवसा बाहेर कामाला जाता येईल अशा ठिकाणी, वर ९६० तास समाजसेवा. आता बिचारा हरवला होता म्हणावं की बेजबाबदार, यावर लोक अजून भांडतात. कॅलिफोर्नियातल्याच २०१३ च्या रिम फायर नावाच्या वणव्यात तर अडीच लाख एकरांच्या वर जळूनही केस मागे घ्यावी लागली, कारण दोन महत्त्वाचे साक्षीदार वारले.

म्हणूनच तो साधा गुन्हा, सोडून जाण्याचा, जास्त कामाचा ठरतो. वणवा अमुकच शेकोटीने लागला हे सिद्ध करायला तज्ज्ञ, साक्षीदार, वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नियम असा की कोणीतरी ५० मीटरच्या आत, आग नजरेसमोर ठेवून असायलाच हवं. रेंजर आला, निखारे लाल आहेत आणि जवळपास कोणीच नाही, झालं.