पडलेल्या दाढेच्या जागी इंप्लांट: बसवण्याआधी एवढे वाचा

दाढ काढली की दुखणे थांबते आणि बरेच जण ती जागा तशीच सोडून देतात. पण मूळ गेले की तिथले जबड्याचे हाड झिजू लागते, आणि पहिल्याच वर्षात ही झीज सर्वांत जास्त होते. शेजारचे दात कलतात, समोरची दाढ रिकाम्या जागेकडे सरकते. म्हणून ठरवायला उशीर नको. काम उरकायची घाईही नको.

इंप्लांट म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर जोड, जोडावर कॅप. स्वीडनच्या ब्रेनमार्क यांच्या प्रयोगात सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम निघता निघेना, तिथून ही कल्पना आली. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसले.

स्क्रू बसवताना जागा बधिर करतात. बहुतेकांना दाढ काढण्याइतकाही त्रास होत नाही. वेळ लागतो तो हाड स्क्रूला धरायला. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने. वरचे हाड मऊ, तिथे चार ते सहा. ‘चवथीपूर्वी सगळे आटपा’ म्हणत आषाढात येणारे दरवर्षी असतात. त्यांना शक्य असल्यास तात्पुरता दात देतो. नेवरीला तो पुरतो, खाज्याला नाही! बोटीवर किंवा आखातात असणाऱ्यांनी एका सुट्टीत स्क्रू, पुढच्या सुट्टीत कॅप असा हिशेब धरावा.

मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी तो आणा. विडी-सिगारेटमुळे हाड नीट धरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शने घेत असाल तर न विसरता सांगा.

सगळ्यांनाच इंप्लांट लागतो असे नाही. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांच्या आधाराने बसवलेला दात, बरा. खर्चही कमी. दुसरे मत हवे असेल तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात खुशाल विचारा, आम्हाला राग नाही. कुठेही करा, पण स्कॅन, कॅप आणि लागल्यास हाड भरणे दरात धरले आहे का, ते लेखी घ्या.

पहिले दोन दिवस उकड्या तांदळाची पेज, तीही गार करून. सोबत लोणचे नको, दुसऱ्या बाजूनेसुद्धा! इंप्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून हाड खाल्ले जाऊ शकते. ब्रश रोज दोनदा, तपासणी सहा महिन्यांनी.

येताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन या.