पार्श्वभूमी : चावट प्रेमकथा आणि ‘ए’चा शिक्का

सांगली-साताऱ्यात एखादी चावट पण मनाने गोड प्रेमकथा लागली, की तिकीटखिडकीवर पहिली चौकशी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची होते. घरच्यांना घेऊन येता येईल का, एवढेच लोकांना हवे असते.

खरे तर चावटपणाचे या मातीला वावडे नाही. लावणीचा सर्वांत मोठा शाहीर, पठ्ठे बापूराव, वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचा. कवलापूरच्या तमाशाच्या फडाचे नाव राज्यभर होते. गवळणीत मावशीने पेंद्याला दिलेले उत्तर लोक दुसऱ्या दिवशी शेतात एकमेकांना ऐकवत. मात्र तो प्रेक्षक पुरुषांचा होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली आणि ती उठली तरी वग, म्हणजे तमाशातले नाट्य, आधी लिहून तपासून घेणे भाग पडले.

घरच्या बायका या विनोदाला हसू लागल्या त्या पडद्यामुळे. १९७१ नंतर ढगळ हाफ पँट आणि लोंबती नाडी घेऊन दादा कोंडके यांचा भाबडा नायक आला. तो बोलायचा साधेच, दुसरा अर्थ निघायचा प्रेक्षकाच्या डोक्यात. मुलगी पुढे आली की तोच लाजायचा, आईला घाबरायचा. चावट आणि गोड यांची सांगड इतकी नेमकी नंतर फारशी जमली नाही. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया आणि मध्ये दोरी किंवा कनात असे. सासऱ्यासमोर हसण्याची पंचाईत त्या कनातीने सोडवली होती.

घोळ झाला तो पुढे, आणि तो प्रमाणपत्रावरून झाला. १९८३ पर्यंत ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) असे दोनच मुख्य वर्ग होते. त्या वर्षी मधला, पालकांच्या सल्ल्याने पाहायचा ‘यूए’ आला. पण त्याच सुमारास जिल्ह्याच्या गावांतली थिएटरे सकाळच्या खेळाला दाक्षिणात्य डब चित्रपट लावू लागली. पोस्टरवर वर्तुळातला भला मोठा ‘ए’, तोच जाहिरातीचा मजकूर. कायद्याने या अक्षराचा अर्थ ‘अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी’ एवढाच. गावात त्याचा अर्थ ‘सकाळचा खेळ’ असा झाला. आत जाताना ओळखीचे कोणी दिसू नये, अशी ती जागा. नवरा-बायकोने शेजारी बसून पाहावा असा प्रौढांचा विनोदी चित्रपट या अक्षराखाली येऊ शकतो, हे पटायला लोकांना कितीतरी वर्षे लागली. हे नुकसान कोणत्याही कात्रीपेक्षा मोठे आहे.

कात्रीही होतीच. सेन्सॉरसाठीच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांनी हीन प्रवृत्तींना उघडपणे चाळवणारे द्व्यर्थी शब्द वर्ज्य ठरवले. चाळवणे कुठे सुरू होते, हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. निर्मात्याचा हिशेब सरळ : ‘ए’ घेतला तर सहकुटुंब येणारा प्रेक्षक तुटतो आणि तशाच्या तशा चित्रपटाला टीव्हीची दारे बंद होतात, म्हणून तो स्वतःहून कापून ‘यूए’ मागतो. २०१५ मध्ये एका ब्रिटिश हेरपटातली चुंबने निम्म्यावर आणली गेली. मारधाडीच्या चित्रपटाचे त्याने फारसे बिघडत नाही. प्रेमकथेचे बिघडते, कारण तिथला चहाटळपणा हाच पुढच्या कबुलीचा पाया असतो. भांडण आणि टोमणे ठेवून लगट कापली, की शेवटचा समेट कशामुळे झाला हेच कळत नाही.

मराठीत २०१९ मध्ये प्रौढांसाठीचा विनोदपट म्हणून उघड जाहिरात केलेला चित्रपट आला, चालला, पुढे त्याचा दुसरा भागही निघाला. त्यामुळे ‘ए’ची लाज थोडी सैल झाली. पण तरुणांच्या टोळक्यांनी येणे वेगळे आणि घरच्यांसोबत येणे वेगळे.

चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले, २०२४ च्या नियमांनी त्याची तपशीलवार घडी बसवली. वाद आहे तो इथे. हे टप्पे पालकांना दिलेला सल्ला आहेत. ते पाळायचे की नाही हे पालकच ठरवणार, दारावरचा माणूस पोराला अडवू शकत नाही. ‘ए’ला मात्र त्याने अडवलेच पाहिजे. यावर टीका करणारे म्हणतात, मग उपयोग काय? उपयोग आहे. ‘१६+’ मुळे चावट प्रेमकथेला सकाळच्या खेळाच्या सावलीतून बाहेर पडायची वाट मिळाली आणि निर्णय घरात आला, जिथे तो असायला हवा. तपासणाऱ्यांनी हा वर्ग मोकळ्या हाताने द्यायला हवा. कट सुचवूनच तो देणार असतील तर दुरुस्ती कागदावर राहील.

दाद मागण्याची सोय मात्र आधीच आक्रसली आहे. सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचे अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झाले, आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. प्रदर्शनाची तारीख ठरलेला छोटा मराठी निर्माता वकील करण्याऐवजी कट मान्य करतो, आणि सांगलीच्या पडद्यावर ती कापलेली प्रतच येते.