मार्केटिंग मेलसाठी डोमेन ऑथेंटिकेट करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रोसेस

एसएमएससाठी डीएलटी रजिस्ट्रेशन (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची सक्तीची नोंदणी) केलेल्यांना वाटतं, इथेपण पॅन, जीएसटी, लेटरहेडवर ऑथोरायझेशन लेटर असं सगळं अपलोड करावं लागणार. तसं काही नाहीये. ईमेलचं डोमेन ऑथेंटिकेट करायला सरकारी पोर्टल नाही, फॉर्म नाही, फी नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, तीन रेकॉर्ड टाकायचे: एसपीएफ (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ती सूचना). समोरचा मेल सर्व्हर ते वाचतो आणि ठरवतो की हा मेल खरंच तुमच्याकडून आलाय की नाही.

पात्रता एकच, स्वतःचं डोमेन पाहिजे. फुकटच्या जीमेल किंवा याहू आयडीवरून ब्रेवो, मेलचिंपसारख्या टूलने ऑफरचे मेल पाठवायचे दिवस गेले, कारण त्या डोमेनचे रेकॉर्ड तुमच्या हातात नाहीत. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेल अकाउंटवर दिवसाला 5000 च्या आसपास मेल गेले की तुम्ही बल्क सेंडर, आणि एकदा तो शिक्का बसला की नंतर संख्या कमी केली तरी निघत नाही. मायक्रोसॉफ्टने आउटलुक, हॉटमेलसाठी असेच नियम मे 2025 पासून लावले. आमचे तर महिन्याला 300 च मेल जातात असं म्हणू नका, एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी गूगलला छोट्या सेंडरकडूनपण लागतं.

आता कागदपत्रं म्हणाल तर खरा कागद म्हणजे डीएनएसचं लॉगिन, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. येवल्याचा पैठणीवाला असो की रत्नागिरीचा आंबेवाला, डोमेन पाच वर्षांपूर्वी वेबसाइट करणाऱ्या मुलाने स्वतःच्या अकाउंटवर घेतलेलं असतं, आणि आता तो पुण्यात नोकरीला लागला, फोन उचलत नाही. म्हणून आधी रजिस्ट्रारकडे (डोमेन जिथून विकत घेतलं ती कंपनी) डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि आपल्या नावावर करून घ्या, बाकी सगळं नंतर. दुसरं म्हणजे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची नोंदवही जिथे ठेवलेली असते ते सर्व्हर, कुठले आहेत ते बघा. डोमेन गोडॅडीकडे घेतलं पण नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर गोडॅडीच्या पॅनलमध्ये कितीही रेकॉर्ड टाका, कुणी वाचणार नाही.

मग मेल पाठवायच्या टूलमध्ये सेंडर डोमेनच्या सेटिंगमध्ये जायचं, डोमेन टाकायचं, ते तुम्हाला रेकॉर्ड काढून देतं, ते कॉपी-पेस्ट करायचे. होस्टच्या रकान्यात पूर्ण नाव टाकू नका, बरेच पॅनल तुमचं डोमेन आपणहून शेवटी जोडतात, मग नाव डबल होतं आणि टूल म्हणत राहतं रेकॉर्ड सापडला नाही. क्लाउडफ्लेअरवर डीकेआयएमचा रेकॉर्ड सीनेम प्रकारचा (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा) असेल तर त्यापुढचा केशरी ढग, म्हणजे प्रॉक्सी, बंद करा, डीएनएस ओन्ली ठेवा.

एसपीएफचा रेकॉर्ड एका डोमेनला एकच असतो. गूगल वर्कस्पेसचा आधीच असेल तर नवीन दुसरा न टाकता त्याच ओळीत टूलचा इन्क्लूड (टूलचे सर्व्हरपण यादीत धरा असं सांगणारा तुकडा) घुसवायचा. दोन झाले की दोन्ही फेल. शिवाय एसपीएफ तपासताना होणारे डीएनएस लुकअप, म्हणजे विचारणा, 10 च्या वर जाता कामा नये, झोहो, सीआरएम, बिलिंग असं करत करत ती मर्यादा कधी ओलांडली कळतपण नाही. डीकेआयएमची की (किल्ली) 1024 बिटची चालते पण 2048 च घ्या. आणि दोघांत जास्त लक्ष डीकेआयएमकडे द्या, कारण बऱ्याच टूलमध्ये एसपीएफ पास होतो तो टूलच्या स्वतःच्या बाउन्स डोमेनसाठी (न पोचलेले मेल जिथे परत येतात ते), तुमच्या फ्रॉम अ‍ॅड्रेसशी त्याचं काही जुळत नाही, आणि डीमार्कला नेमकं ते जुळणंच पाहिजे असतं.

डीमार्कची सुरुवात पी इक्वल टू नन (p=none, म्हणजे नापास मेलवर काही कारवाई नको) ने करा, बल्क सेंडरला तेवढं पुरतं. रिपोर्टसाठी एक वेगळा मेलबॉक्स द्या, रोज एक्सएमएल फाइली येऊन पडतात. काही आठवडे त्या बघा, मग क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (नापास मेल घेऊच नका). थेट रिजेक्ट टाकलं तर बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणारी इन्व्हॉइस, वेबसाइटच्या फॉर्मचे मेल, सगळंच परत यायला लागेल आणि अकाउंटवाला तुमच्या नावाने शंख करेल.

झालं की स्वतःच्या जीमेलवर एक कॅम्पेन पाठवा, तीन टिंबांवर क्लिक करून शो ओरिजिनल उघडा, तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हीपुढे पास दिसलं पाहिजे. रेकॉर्ड पसरायला कधी दहा मिनिटं, कधी दिवसभर. पास झालं म्हणजे इनबॉक्सची गॅरंटी मात्र नाही. बल्क सेंडरच्या प्रमोशनल मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं, नाव दोन दिवसांत काढावं लागतं, आणि गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समधला स्पॅम रेट (किती जणांनी मेल स्पॅम म्हणून कळवला) 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावा लागतो. कुठून तरी विकत आणलेली लिस्ट असेल तर हे जमणार नाही, सरळ सांगतो.

खरी कागदपत्रं लागतात ती मेलशेजारी लोगो दिसायला पाहिजे असेल तर, त्या सोयीला बीमी म्हणतात. त्यासाठी डीमार्क क्वारंटाइन किंवा रिजेक्टवर पाहिजे, लोगो ठरावीक एसव्हीजी प्रकारात, आणि जीमेलसाठी व्हीएमसी सर्टिफिकेट, म्हणजे लोगो तुमचाच असल्याचा दाखला. त्याला रजिस्टर्ड ट्रेडमार्क, कंपनीचे पेपर आणि अर्ज करणाऱ्या माणसाची ओळख तपासणी लागते. ट्रेडमार्कचा फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन फी एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला 4500 रुपये, बाकीच्यांना 9000, दर क्लासला. ट्रेडमार्क नसेल तर व्हीएमसीऐवजी सीएमसी नावाचं सर्टिफिकेट घेता येतं, लोगो किमान वर्षभर जाहीरपणे वापरात असल्याचं दाखवावं लागतं, पण जीमेलची निळी टिक त्यावर मिळत नाही.