हितबोननूत

हितबोननूत : ज्यू धर्मजीवनातील सखोल चिंतनाची साधना. ईश्वराचे एकत्व, सृष्टीची रचना यांसारखी एखादी कल्पना मनात धरायची, तिची अंगोपांगे उलगडेपर्यंत तिच्यापाशी थांबायचे आणि त्या समजेतून हृदयात प्रेम व धाक जागा होऊ द्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. हा हिब्रू शब्द ‘बीना’, म्हणजे समज, याच्या कुळातला. त्याचे रूप आत्मवाचक आहे. समजून घेण्याची क्रिया येथे करणाऱ्यावरही उलटते. मराठी वाचकाला ‘ध्यान’ हा शब्द आधी सुचेल, पण ‘मनन’ अधिक जवळचा. चित्तवृत्तींचा निरोध हा येथे हेतू नाही. चित्त रिकामे करायचे नसते, एका विषयाने काठोकाठ भरायचे असते.

या साधनेची मुळे हिब्रू बायबलात आहेत. ईयोबाच्या पुस्तकात (३७:१४) ईयोबाला ‘थांब आणि देवाची अद्भुत कृत्ये न्याहाळ’ असे सांगितले आहे. त्यातले ‘न्याहाळ’ हे क्रियापद याच धातूचे. यहोशवाला नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करण्याची आज्ञा होते, तेथे मात्र ‘हागा’ असे वेगळे क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ ओठांतल्या ओठांत पुटपुटणे. यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद पारव्याच्या घुमण्याला आणि शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहालाही वापरले आहे. म्हणजे जुन्या ज्यू मननाला आवाज होता. आजही येशिवात, म्हणजे धार्मिक पाठशाळेत, शिरले की मुले डुलत, सूर लावून, एकमेकांशी हुज्जत घालत अभ्यास करताना दिसतात. शांततेची अपेक्षा ठेवून आलेला पाहुणा तेथे हमखास गोंधळतो.

प्रार्थनेपूर्वी मन तयार करण्याची प्रथा मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संहितेत, नोंदलेली आहे. पूर्वीचे भाविक ईश्वराकडे चित्त लागावे म्हणून प्रार्थनेआधी एक तास थांबत, असे ‘बेराखोत’ या प्रकरणात (५:१) म्हटले आहे. तालमूद, म्हणजे मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ, त्यात भर घालते : प्रार्थनेला एक तास आणि नंतर थांबायला आणखी एक तास. दिवसाच्या तीन प्रार्थना धरल्या तर नऊ तास झाले. यावर तालमूद भारावून जात नाही, सरळ हिशेब मागते : मग या लोकांचा अभ्यास कसा टिकत होता आणि कामधंदा कोण बघत होते? ते भाविक होते म्हणून त्यांचा अभ्यास टिके आणि कामाला बरकत येई, असे उत्तर मिळते. उत्तर पटो न पटो, प्रश्न महत्त्वाचा आहे. चिंतनाने घरसंसार आणि पोटापाण्याचा उद्योग ओलांडून जाऊ नये, ही काळजी या परंपरेत पुढेही वारंवार डोके वर काढते.

रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचा ‘शमा’ हा मंत्र म्हणजे चिंतनाचा सर्वांत लहान घास. ‘ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक’ हे त्याचे पहिले वाक्य. ते उजव्या हाताने डोळे झाकून म्हणतात आणि ‘एखाद’, म्हणजे एक, हा शेवटचा शब्द लांबवतात. हिब्रूत अक्षरे हेच आकडे असल्याने त्या शब्दातही विषय दडलेला आहे : आलेफ म्हणजे एक ईश्वर, खेत म्हणजे आठ (सात स्वर्ग आणि पृथ्वी), दालेत म्हणजे चार दिशा. एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हा शब्द फारच लांबवू लागला, तेव्हा दुसऱ्याने त्याला थांबवले : वर, खाली आणि चारी दिशांना त्याला राजा केलेस, एवढे पुरे. कोकणातल्या बेने इस्राएलांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्या या मराठीभाषक समाजाच्या आठवणीनुसार ग्रंथ आणि हिब्रू भाषा हातून गेल्यावरही शमाचे हे वाक्य त्यांच्याकडे टिकून राहिले आणि प्रत्येक मंगलप्रसंगी म्हटले जाई.

मध्ययुगात या साधनेला तत्त्वज्ञानाची बैठक मिळाली. अकराव्या शतकात स्पेनमधील सारागोसाच्या बाह्या इब्न पाकुदाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवरील आपल्या अरबी ग्रंथात सृष्टीच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. मैमोनिडीस (११३८–१२०४) याने ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत ईश्वरावर प्रेम कसे करावे, या प्रश्नाला दिलेले उत्तर तर निसर्गशास्त्राच्या वर्गात शोभावे असे आहे. माणूस ईश्वराच्या अफाट निर्मितीचे चिंतन करतो आणि तिच्यातले शहाणपण पाहतो, तेव्हा तो तत्क्षणी प्रेमात पडतो. आणि त्याच गोष्टींचा विचार करताना, आपण किती क्षुद्र आहोत हे जाणवून, दचकून मागे सरतो. प्रेम आणि धाक ही एकाच पाहण्याची दोन टोके. मैमोनिडीस स्वतः वैद्य होता, हे येथे लक्षात ठेवावे.

हितबोननूतला रोजच्या शिस्तीचे रूप दिले ते खबाद या हसिदी पंथाने. हसिदी म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या भक्तिप्रधान चळवळीचे अनुयायी. पंथाचा संस्थापक, लियादी येथील श्नेऊर झालमान (१७४५–१८१२), याचा ‘तान्या’ हा ग्रंथ १७९६ मध्ये स्लावुता येथे छापला गेला. योगायोगाने मुंबईतील बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, हेही त्याच वर्षीचे. ‘खबाद’ हे नाव खोखमा, बीना आणि दाआत या तीन शब्दांच्या आद्याक्षरांनी बनले आहे. खोखमा म्हणजे कल्पनेची पहिली ठिणगी, बीना म्हणजे तिचा विस्तार. दाआत हा शब्द आदमाने हव्वेला ‘जाणले’ या वाक्यातला आहे. म्हणून तो नुसती माहिती न दाखवता चिकटणे, एकरूप होणे दाखवतो. मन असे चिकटले नाही तर जागलेले प्रेम ही निव्वळ कल्पनेची भरारी, असे ‘तान्या’ स्पष्ट बजावते.

चिंतनाचा विषय कसा असतो, हे ‘तान्या’च्या दुसऱ्या भागातील एका उदाहरणावरून कळेल. सोनार चांदीचे भांडे घडवतो आणि निघून जातो. भांडे जागेवर राहते, कारण चांदी आधीपासून होतीच, त्याने फक्त आकार बदलला. पण विश्व शून्यातून निर्माण झाले. त्याला मागे परत जायला शून्याखेरीज दुसरी जागाच नाही. म्हणून निर्मात्याचा शब्द त्याला क्षणोक्षणी धरून ठेवतो, आणि तो मागे घेतला तर सगळे कधी नव्हतेच असे होईल. साधक हा युक्तिवाद आधी नीट शिकतो, मग प्रार्थनेपूर्वी आणि प्रार्थनेत पायरीपायरीने मनात पुन्हा चालतो : समोरचा दगड, भिंत, आपला हात, आपण स्वतः. ‘सर्व काही ईश्वर आहे’ असे ढोबळ वाक्य घोकायला येथे मान नाही. ढोबळ चिंतन हा गवताचा जाळ. पटकन पेटतो, पटकन विझतो. तपशिलात शिरलेले चिंतन सावकाश तापते, पण टिकते. आणि हृदय तापलेच नाही तर? तरीही समज वाया जात नाही, तीच माणसाला सत्कृत्याकडे नेते, असा धीर ‘तान्या’त दिलेला आहे.

एवढी बुद्धीची मातब्बरी सगळ्या हसिदींना रुचली नाही. कालिस्कच्या अव्राहामने श्नेऊर झालमानवर उघड टीका केली. साध्या श्रद्धेच्या वाटेवर एवढा तर्क कशाला, असा त्याचा रोख होता. झालमानच्या पश्चात वाद घरातच आला. मुलगा दोव बेर (१७७३–१८२७) याच्या मते प्रार्थनेतले ओरडणे, हातवारे, उसने उधाण यांत माणूस स्वतःच्याच भावनेची चव घेत असतो, आणि तो ईश्वरापासून दूर असल्याचेच ते लक्षण. ज्येष्ठ शिष्य स्तारोसेल्येचा आहारोन हालेवी म्हणे, भेसळीचा का होईना, उत्साह हवाच. या भांडणातून निघालेले भावनांचे वर्गीकरण मानसशास्त्राच्या अभ्यासकाने आजही वाचावे इतके बारीक आहे.

दोव बेरची एक कथा खबादमध्ये आवडीने सांगतात. तो खालच्या मजल्यावर अभ्यासात बुडालेला असताना पाळण्यातले तान्हे मूल खाली पडून रडू लागले. त्याला ऐकूच आले नाही. वरच्या मजल्यावर तितक्याच एकाग्रतेने बसलेल्या वडिलांनी ते ऐकले, खाली येऊन तान्ह्याला शांत केले आणि नंतर दोव बेरला खडसावले : कितीही खोल गेलास तरी लेकराचे रडणे ऐकू आलेच पाहिजे. तालमुदात नऊ तासांचा हिशेब मागणारेच हे मन.

खबादबाहेरच्या वाटा निराळ्या आहेत. ब्रेस्लावचा नाखमान (१७७२–१८१०) रोज एकांतात, शक्य तर रानात जाऊन, आपल्याच बोलीत देवाशी मोकळे बोलायला सांगे. त्या साधनेचे नाव ‘हितबोददूत’. लिथुएनियातील मुसार, म्हणजे नीतिशिक्षणाच्या, चळवळीचा प्रवर्तक इस्राएल सालांतेर (१८१०–१८८३) याचा भर आत्मपरीक्षणावर होता. तो नीतिग्रंथ आर्त सुरात पुन्हापुन्हा वाचायला लावी. पोलंडमधील पियासेच्नोचा रब्बी कालोनिमुस शापिरा (१८८९–१९४३) याने विचारांचा ओघ नुसता पाहत राहून मन निवळू देण्याची ‘हाश्काता’ ही रीत शिकवली. वॉर्सातील घेट्टोमध्ये, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतही, त्याने प्रवचने चालू ठेवली. नाझींनी त्याला मारले, पण पुरून ठेवलेली हस्तलिखिते युद्धानंतर सापडली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले अनेक ज्यू तरुण पौर्वात्य ध्यानपंथांकडे वळले. तेव्हा खबादचे सातवे गुरू मेनाखेम मेंडेल श्नीरसन यांनी १९७९ मध्ये ज्यू डॉक्टर आणि मानसोपचारकांना मूर्तिपूजेचा लवलेश नसलेली ध्यानपद्धती तयार करण्याचे आवाहन केले. भौतिकशास्त्र शिकलेले रब्बी आर्ये काप्लान यांनी जुन्या ज्यू चिंतनपद्धती इंग्रजी वाचकांपुढे आणल्या. आज ‘ज्यू मेडिटेशन’ म्हणून शिकवल्या जाणाऱ्या वर्गांत श्वासावर लक्ष ठेवण्याचाच भाग पुष्कळदा मोठा असतो. त्याला हितबोननूत म्हणणे शब्दाला ताणणे होईल. मूळ रीत पाहायची तर शनिवारी दुपारी खबादच्या एखाद्या सिनेगॉगमध्ये डोकवावे. सामुदायिक प्रार्थना आटोपून मंडळी जेवायला गेलेली असतात, आणि कोपऱ्यात कोणी एखादा शाल डोक्यावरून ओढून, भिंतीकडे तोंड करून, सकाळच्याच प्रार्थनेत मध्येच कुठेतरी थांबलेला असतो.