वेब होस्टिंग खाते उघडणे

वेब होस्टिंग खाते उघडणे म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या सर्व्हरवर (संकेतस्थळे साठवून दाखवणाऱ्या संगणकावर) एका ग्राहकाला जागा, नाव आणि मर्यादा आखून देणे. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, तासगावचा बेदाणा व्यापारी किंवा मिरजेतले सतारमेकर ‘वेबसाइट काढली’ म्हणतात, तेव्हा पडद्याआड आधी हे झालेले असते. सर्व्हर स्वतः बहुधा मुंबईतल्या नाहीतर परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, पण अशा सर्व्हरवरच्या संकेतस्थळांना त्याची झळ लागायचे कारण नव्हते.

खाते उघडतो तो गावातला वेब डिझायनर. मोठ्या कंपनीकडून त्याने घाऊक जागा घेतलेली असते आणि तिचे गाळे पाडून तो भाड्याने देतो. या धंद्यात त्याला रिसेलर म्हणतात. होस्टिंग खाती सांभाळायच्या, १९९६ पासून चालत आलेल्या सीपॅनेल या प्रणालीत रिसेलरचा दरवाजा, म्हणजे सर्व्हरवरचा क्रमांकित जोडबिंदू, वेगळा (पोर्ट २०८७) आणि ग्राहकाचा वेगळा (पोर्ट २०८३). डोमेन (संकेतस्थळाचे नाव), वापरकर्तानाव, पासवर्ड, ईमेल आणि पॅकेज (जागा व इतर मर्यादांचा ठरलेला संच) एवढे भरले, की ग्राहकाचे घर-फोल्डर, त्यातले संकेतस्थळाच्या फायलींचे ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डर, डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची) झोन फाइल, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी, आणि वेबसर्व्हरमधली नोंद हे सगळे मिनिटाभरात आपोआप तयार होते. एकाच आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या अंकी पत्त्यावर) शंभर दुकाने थाटता येतात, कारण ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत डोमेनचे नाव सांगतो.

वापरकर्तानावाकडे नवखे लक्ष देत नाहीत. प्रणाली ते सहसा डोमेनच्या पहिल्या आठ रोमन अक्षरांवरून सुचवते. ‘सांगलीहळद’ आणि ‘सांगलीहार्डवेअर’ ही नावे रोमनमध्ये लिहून पाहा: पहिली आठ अक्षरे तंतोतंत तीच. एका सर्व्हरवर दोघांना एक नाव चालत नाही, दुसऱ्याला वेगळे द्यावेच लागते. आठाचा हा दंडक डेटाबेसमुळे रुळला. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत वापरकर्त्याचे नाव पूर्वी १६ अक्षरांपुरतेच असे आणि त्यातच खात्याचे नाव पुढे जोडायचे असे. पुढे मर्यादा ३२ झाली, सवय मात्र राहिली. डोमेन देवनागरीत असले (‘.भारत’ हे २०१४ मध्ये सुरू झाले), तरी डीएनएसमध्ये त्याचे रोमन रूपांतरच नोंदले जाते.

खरा घोळ ईमेलचा. व्यापाऱ्याची मेल आधीपासून दुसऱ्या कंपनीकडे असते आणि नवे खाते उघडताना मेल एक्सचेंजरची, म्हणजे पत्रे कुठे पोहोचवायची ते ठरवणारी, खूण ‘लोकल’ (याच सर्व्हरवर) राहून जाते. मग बाहेरून आलेली पत्रे नीट पोहोचतात. फक्त त्याच सर्व्हरवरच्या शेजारी खात्यांतून किंवा संकेतस्थळावरच्या चौकशी फॉर्ममधून निघालेली पत्रे सर्व्हर स्वतःच्याच पेटीत टाकतो, नाहीतर ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत फिरवतो. ‘बाकी सगळी मेल येते, चौकशाच येत नाहीत’ अशी तक्रार आली, की आधी ही खूण ‘रिमोट’ (बाहेरच्या सर्व्हरवर) आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो.

नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी सांगणारा सर्व्हर) बदलल्यावर ‘दोन दिवस लागतील’ असे ग्राहकाला सांगायची प्रथा आहे. प्रत्यक्षात ते जुन्या नोंदींच्या टीटीएलवर, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ जपून ठेवतात त्यावर, अवलंबून असते. तो नेहमीचा १४४०० सेकंद असेल, तर साध्या नोंदीतला बदल चार तासांत सगळीकडे दिसायला हवा. नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल बहुधा याहून मोठा असतो. तोवर आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी पाहिली जाणारी नाव-पत्त्यांची यादी) एक ओळ घालून नवे संकेतस्थळ तपासता येते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे सुरक्षित जोडणीसाठीचे मोफत प्रमाणपत्रही डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच सहजी मिळते.

भाडे थकले, की रिसेलर खाते ‘सस्पेंड’ करतो: संकेतस्थळ बंद पडते, फायली जागेवर राहतात. ‘टर्मिनेट’ केल्यास त्या पुसल्या जातात आणि बॅकअप नसेल तर परत मिळत नाहीत. डोमेनची मालकी या खात्याहून वेगळी असते. ते डिझायनरच्या नावावर नोंदलेले असेल, तर खाते दुसरीकडे हलवतानाही व्यापाऱ्याला त्याच्याच दारात जावे लागते.